जुन्या चांदीवरचे ठसे: घडवणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. यावलच्या वाड्याची वाटणी करताना माळ्यावरच्या पेटीत तीन वस्तू निघाल्या: चहाची किटली, मोठं तबक आणि गुलाबदाणी. तिन्हींवर काही ना काही ठसे किंवा अक्षरं आहेत. गावातल्या एका सराफाने तिन्ही एकत्र तोलून मोडीचा भाव सांगितला. आता भावंडांत वजनावर सारखी वाटणी करायचं घाटतंय, आणि किटली पुतण्या अमेरिकेला नेऊ म्हणतोय. हे घडवलं कोणी, ते ठशांवरून कळेल का आणि मोडीत घालण्याआधी एवढा खटाटोप करावा का, असं तुम्ही विचारलंय.

करावाच. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिल्यावर पहिली गोष्ट सांगतो ती वाटणीचीच, कारण ती तातडीची आहे. तिन्ही वस्तूंत सगळ्यात जड तबक आहे, आणि ते चांदीचं नाही. वजनावर वाटलंत तर ज्याच्या वाट्याला तबक जाईल त्याच्या पदरात तांबं, निकेल आणि जस्त पडेल. त्या सराफाने टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, न काढता नुसता काटा पाहिला असणार. तेव्हा वाटणीचा कागद आज थांबवा.

आता ठशांकडे येतो. आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळच्या बाजारात जुनी विलायती चांदी बरीच येते, त्याला कारण आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच सुमारास मुंबईहून रेल्वे भुसावळपर्यंत आली. कापसाचे व्यापारी, जिनवाले, वकील, मामलेदार यांच्या घरांत मुंबईच्या दुकानांतली चांदी तेव्हापासून शिरली. बदली झालेले साहेब लोक जाताना सामान विकायचे, तेही इथेच राहिलं. त्यामुळे यावल, चोपडा, अमळनेरच्या माळ्यावर बर्मिंगहॅमची किटली निघाली तर नवल वाटून घेऊ नका.

वाचायला बसण्याआधी एक विनवणी. वस्तू घासू नका. चिंच नको, चुलीची राख नको, रांगोळी आणि दंतमंजन तर अजिबात नको. ठसा म्हणजे काही सूत खोल गेलेली खूण नसते. घराघरांत पिढ्यान् पिढ्या दर दिवाळीला घासून घासून ठशाच्या कडा बसतात, मग अक्षरं जातात आणि मागे नुसता खळगा उरतो. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, मऊ सुती कापडाने पुसा आणि कोरडं करा, तेवढं पुरे. काळेपणा राहिला तर राहू द्या. खळग्यात साचलेल्या त्या काळेपणामुळेच अक्षर उठून दिसतं.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजींकडे मिळतं. उजेड वरून पाडू नका, बॅटरी बाजूला आडवी धरा, म्हणजे ठशाच्या कडांची सावली पडेल. तरीही वाचता येत नसेल तर आम्ही काजळीचा ठसा उचलतो. निरांजनाच्या ज्योतीवर तो भाग क्षणभरच फिरवायचा, काळा थर धरला की गार होऊ द्यायचा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबायची आणि पट्टी उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. खळगे कोरे राहतात, उंच भाग काळा येतो. फोटोत न दिसलेली ढालीची कडसुद्धा यात येते, आणि पुढे पाहाल तसं सगळं त्या कडेवरच येऊन ठरतं. भांड्यावरची काजळी कापडाने निघून जाते.

तुमची किटली घ्या. तळाला एका ओळीत चार ठसे आहेत: चालता सिंह, जहाजाचा नांगर, इंग्रजी लहान लिपीतला ‘ई’ आणि चौथ्यात ‘ई अँड को’ अशी अक्षरं, पुढचं एखाद-दुसरं घासलेलं. बहुतेक जण थेट चौथ्यावर उडी मारतात आणि इंटरनेटवर ती अक्षरं शोधत बसतात. तिथेच चूक होते, कारण एकाच आद्याक्षरांचे कारागीर वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या शतकांत होऊन गेले. आधी बाकीचे तीन ठसे वाचून शहर आणि साल पक्कं करायचं. मग त्या शहरात, त्या साली, ती अक्षरं कोणाच्या नावावर नोंदली होती एवढाच प्रश्न उरतो.

चालता सिंह म्हणजे इंग्लंडचं स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. हा सिंह १५४४ पासून मारला जातोय. मध्ये १६९७ ते १७२० अशी तेवीस वर्षं कायद्याने कस वाढवून ९५८ च्या वर नेला होता. त्या काळातल्या भांड्यांवर सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया देवी आणि मानेशी तुटलेलं सिंहाचं डोकं दिसतं. ते आपल्याकडे क्वचितच बघायला मिळतं.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्राशी त्या शहराचा संबंध नाही, पण खूण तीच. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना तपासणी कचेरी, म्हणजे चांदीचा कस तपासून ठसे मारणारी कचेरी, १७७३ साली मिळाली. शेफील्डची खूण मुकुट, १९७५ पासून गुलाब. लंडनची बिबळ्याचं तोंड, १८२१ पर्यंत डोक्यावर मुकुट असलेलं आणि त्यानंतर बिनमुकुटाचं. एडिंबरोचा किल्ला, डब्लिनची मुकुट घातलेली वीणा, चेस्टरच्या तीन गव्हाच्या पेंढ्या आणि मध्ये तलवार. एक्झिटर, न्यूकॅसल या कचेऱ्या १८८० च्या दशकात बंद झाल्या, चेस्टर १९६२ ला आणि ग्लासगो १९६४ ला. आपल्या भागात जे निघतं त्यात माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त बर्मिंगहॅम आणि शेफील्डच गेलं.

आता ‘ई’ हे अक्षर. ही सालाची खूण. दरवर्षी अक्षर बदलायचं, अक्षरं संपली की लिपीचं वळण किंवा ढालीचा आकार बदलून पुन्हा ‘ए’पासून सुरुवात. लंडनच्या फेऱ्यात वीसच अक्षरं, ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, त्यात ‘जे’ नाही. बर्मिंगहॅमचे फेरे मोठे. अक्षर जानेवारीत बदलत नसे. बर्मिंगहॅमला जुलैत, लंडनला मे महिन्यात बदलायचं, म्हणून साल नेहमी जोडीने लिहावं. साध्या वळणाचा लहान ‘ई’ बर्मिंगहॅमने १८०२ लाही मारला आणि १९०४ लाही. मधल्या फेऱ्यातला १८७९ चा ‘ई’ लहानच, पण गॉथिक वळणाचा, तो वेगळा ओळखू येतो. मग तुमची किटली १८०२ ची की १९०४ ची? शंभर वर्षांचा फरक आहे आणि किमतीतही तेवढाच मोठा.

याचं उत्तर इथे न दिसणाऱ्या पाचव्या ठशात आहे. १ डिसेंबर १७८४ पासून ३० एप्रिल १८९० पर्यंत इंग्लंडात चांदीवर कर होता, आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं मारलं जायचं. १८०२ ची किटली असती तर तिच्यावर तिसऱ्या जॉर्जचं डोकं हवं होतं. तुमच्या किटलीवर ते नाही, त्या जागी घासल्याचा खळगाही नाही. म्हणजे १९०४-०५. शहर, कस आणि साल असं पक्कं झालं.

आता चौथा ठसा वाचायचा. १९०४ च्या बर्मिंगहॅममध्ये ‘ई अँड को’ म्हटलं की पहिलं नाव एल्किंग्टन आणि कंपनीचं येतं, घासलेली अक्षरं ‘लिमिटेड’ची असावीत. हे घराणं ज्या गोष्टीने मोठं झालं ती लक्षात ठेवा: विजेने चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट एल्किंग्टनने १८४० साली घेतलं. म्हणजे ज्यांचं नाव तुमच्या खऱ्या चांदीच्या किटलीवर आहे, त्यांच्याच नावाची मुलाम्याची भांडी त्याहून कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या मुलाम्याच्या मालावर सालाची त्यांची स्वतःची अक्षरंही असत, त्यामुळे नवशिक्याला तो माल हॉलमार्कचाच वाटतो. म्हणून मी नाव शेवटी वाचायला सांगतो. नावावरून चांदी ठरत नाही. सिंहावरून ठरते.

किटलीचं झाकण उघडून आतल्या बाजूला भिंग लावा. सुटा होणारा प्रत्येक भाग कचेरीत तपासला जायचा, त्यामुळे झाकणावरही निदान सिंह आणि घडवणाऱ्याची अक्षरं हवीत. झाकणावर दुसरंच नाव निघालं तर झाकण नंतर कधीतरी बदललंय. तो फोटो तुम्ही पाठवलेला नाही, तेवढा हवा.

नाव ठरवताना आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या, तुमच्या किटलीला लागू नसल्या तरी कोणाच्या ना कोणाच्या घरी लागतील. जुन्या इंग्रजी ठशांत ‘जे’ला ‘आय’ लिहीत. मॅथ्यू बोल्टन आणि जॉन फॉदरगिल या बर्मिंगहॅमच्या भागीदारांच्या ठशात जॉनचं आद्याक्षर ‘आय’ असतं. ‘जे’ शोधत बसाल तर सापडणार नाही. दुसरं, बोल्टनच्या आधीच्या काळात नावाची अक्षरं कशी घ्यायची याचे नियमच बदलत गेले. १६९७ ते १७२० च्या काळात आडनावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची सक्ती होती. १७३९ ला सगळ्यांना नव्या वळणाची आद्याक्षरं नव्याने नोंदवायला लावली. आणि तिसरं ढालीचं. अक्षरांभोवतीची चौकट चौकोनी की अंडाकृती, मध्ये टिंब आहे की नाही, खालची कड सरळ की कमानदार, यावरून एकाच आद्याक्षरांचे दोन कारागीर वेगळे पडतात. नोंदवहीत नुसती अक्षरं नसत, अख्खा ठसा उमटवून घेतलेला असे.

हेस्टर बेटमन या बाईंचं उदाहरण मला फार आवडतं. नवरा गेल्यावर १७६१ साली तिने लंडनला स्वतःचा ठसा नोंदवला, तिरप्या जोडाक्षरी वळणात ‘एच बी’, आणि १७९० पर्यंत कारखाना चालवला. तिच्या चमच्यांना आज संग्राहकांत मान आहे, आणि म्हणूनच तिच्या ठशाच्या नकलाही खूप आहेत. नाव जितकं मोठं, तितकं भिंग जास्त वेळ धरावं लागतं.

तबकाकडे येऊ. मागच्या बाजूला एक फडफडतं निशाण, त्यात ‘डब्ल्यू’ आणि ‘एच’, आणि शेजारी चार वेगवेगळ्या ढालींत ‘ई’, ‘पी’, ‘एन’, ‘एस’. ढाली अशा मांडल्यात की लांबून हॉलमार्कच वाटावा. निशाण शेफील्डच्या वॉकर अँड हॉल यांचं. चार अक्षरांचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदीचा कणही नसतो. तबकाच्या उंच कडांवर जिथे हात लागून मुलामा उडालाय तिथे तुमच्या फोटोत पिवळसर राखाडी धातू दिसतोय, तो तोच. तिथे तांबूस दिसलं असतं तर जुन्या शेफील्ड प्लेटचा संशय घेतला असता. त्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून, दाबून बसवायचे, आणि ती मुलाम्याच्या पेटंटाच्या शंभर वर्षं आधीची आहे.

इथे एक धोका सांगून ठेवतो. आता बहुतेक सराफांकडे टंच काढायचं मशीन असतं. ते किरणांनी वरचा पातळ थरच वाचतं. मुलामा जाड असेल तर मशीन बिनदिक्कत ‘चांदी’ दाखवतं. म्हणून मशीनला वस्तू देताना झिजलेली कड द्या, मधला गुळगुळीत भाग देऊ नका.

पण हे तबक टाकाऊ समजू नका. मधोमध गुंफलेली जी अक्षरं कोरलीत ती मला ‘जी. आय. पी. आर.’ अशी वाचता आली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ज्या कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला गेली, तीच. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा तबक त्याआधीचं. भुसावळच्या उपाहारगृहातून किंवा साहेबांच्या बंगल्यातून लिलावात निघालं असावं असा माझा अंदाज आहे. रेल्वेचं जुनं सामान जमवणारे लोक आहेत, ते चांदीचा भाव विचारत नाहीत, ही अक्षरं शाबूत आहेत का ते विचारतात. मोडीत याचे काहीच पैसे येणार नाहीत. अक्षरांसकट अख्खं विकलंत तर येतील. पुन्हा मुलामा मात्र चढवून घेऊ नका, अक्षरं बुजतील.

‘डब्ल्यू एच’वरून आणखी एक सावधगिरी. हीच दोन अक्षरं, शेजारी ‘९०’ हा आकडा आणि कधी एखादी चिनी खूण असेल तर ते शेफील्डचं नव्हे. ते वँग हिंग यांचं, कँटन-हाँगकाँगकडचं, आणि ती खरी चांदी असते, शंभरात नव्वद. ड्रॅगन, बांबू, शेवंती असं काम असतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा चीनशी मोठा व्यवहार होता, त्यातून अशा वस्तू इकडे आल्या. मुलामा समजून कोणी भंगारात देऊ नये म्हणून सांगितलं.

आता गुलाबदाणी, आणि मला विचाराल तर तिघींत जीव लावावा अशी हीच. तुम्ही लिहिलंय की हिच्या बुडावर घडवणाऱ्याचं नाव स्पष्ट आहे. फोटो पाहिला. ते घडवणाऱ्याचं नाव नाही. आपल्याकडे भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायची पद्धत आहे, कोणाकडून कोणाला आणि कधी. तसंच हे आहे: ‘यांजकडून’ हा शब्द आणि ‘शके १८३१’ स्वच्छ वाचता येतंय. शके १८३१ म्हणजे इसवी १९०९-१०. हे लग्नाच्या आहेराचं नाव आहे. ठसा हा एका घावात उमटलेला असतो, त्याच्या आत ढालीचा तळ सपाट दिसतो आणि भोवतीची चांदी किंचित दबलेली असते. टिंबांचं नाव टाचणीएवढ्या पंचाने एकेक टिंब ठोकून घातलेलं असतं, तेही बहुधा विक्रीच्या वेळी किंवा नंतर. म्हणून १९०९ हे आहेराचं साल. वस्तू त्याच साली घडली असेल किंवा आधीची असेल.

त्याच बुडावर कडेला खरवडलेलं दिसतंय: ‘तो. ४२ मा. ३’. बेचाळीस तोळे तीन मासे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा. हिशेब करा: साधारण ४९३ ग्रॅम. तुम्ही काट्यावरचं वजन ४९० लिहिलंय. शंभर वर्षांच्या घासण्यात तीन ग्रॅम जाणं अगदी साहजिक आहे. यावरून कळतं की गुलाबदाणीचा झारीसारखा शेंडा, मधली नळी, बैठक, सगळं मूळचं आहे. कोणी तुकडा बदललेला नाही, आत लाख किंवा शिसं भरलेलं नाही. इंग्रजी भांड्यांवरही असा वजनाचा ओरखडा असतो, फक्त औंसात. एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅम, आणि त्याचा विसावा भाग एक पेनीवेट. ‘१८’ आणि पुढे ‘४’ असं असलं तर अठरा औंस चार पेनीवेट, म्हणजे ५६६ ग्रॅम. असं वजन आणि आजचं वजन ताडून पाहणं ही जुनी आणि बिनखर्चाची परीक्षा आहे.

मग घडवलं कोणी? हिंदुस्थानात इंग्लंडसारखी सरकारी तपासणी कचेरी तेव्हा नव्हती. त्यामुळे इथे जे ठसे दिसतात ते घडवणाऱ्याने किंवा दुकानाने स्वतःच्या मर्जीने मारलेले. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीच्या मालावर नावाच्या अक्षरांसोबत हत्ती असतो. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सचं पूर्ण नाव असतं, त्यांचं देवादिकांच्या मूर्तींचं उठावाचं ‘स्वामी’ काम १८७० च्या दशकात विलायतेपर्यंत नावाजलं गेलं. कलकत्त्यातले काही जण तर इंग्रजी सिंह-नांगरासारख्या दिसणाऱ्या खुणा शेजारी मारत. अशा खुणांवरून शहर-साल काढायला गेलात तर फसाल. तिथे नुसतं नाव वाचायचं. आणि तेही बहुतेकदा दुकानाचं नाव. छिन्नी ज्याच्या हातात होती त्या कारागिराचं नाव त्या मोठ्या दुकानांनी कुठेच उमटू दिलं नाही, याची मला कायम खंत वाटते.

याला एक मोठा अपवाद भुजचा. ओमरसी मावजी हे कच्छच्या दरबाराचे चांदीकाम करणारे, त्यांच्या मालावर ‘ओ. एम.’ आणि ‘भूज’ असा इंग्रजी अक्षरांत ठसा मिळतो. तुमच्या गुलाबदाणीवरचं काम पाहता, वेलींची दाट वेटोळी, पानांआड लपलेले हरणासारखे प्राणी, आणि मागची जमीन बारीक वर्तुळांच्या पंचाने खरखरीत केलेली, हे कच्छी धाटणीचं काम आहे यात मला शंका नाही. सुरतेकडून ताप्ती खोऱ्यातली रेल्वे झाल्यावर गुजरातचा माल नंदुरबार-अमळनेरमार्गे सरळ इकडे यायला लागला, तेव्हा वाटही जुळते. पण ओमरसींचं नाव मी यावर लिहिणार नाही. ठसा नाही. कच्छी धाटणीचं काम पुष्कळ हातांनी केलं. यादीत ‘कच्छी काम, शके १८३१ च्या आहेराचं नाव, ठसा नाही’ एवढंच लिहा. कोणी दलाल हे पाहून ‘ओमरसीचंच’ म्हणाला आणि पुढच्या भेटीत तिथे ठसा उगवलेला दिसला, तर समजून जा.

कारण ठसे उगवतात. दोन प्रकार नेहमीचे. एक ओतीव: खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ओतलेली नक्कल. यात ठशाच्या कडा मऊ येतात आणि आत बारीक छिद्रं दिसतात. सहा चमचे असतील तर सहाही ठसे त्याच जागी, त्याच तिरकेपणाने, त्याच ओरखड्यासकट येतात. हाताने मारलेले ठसे असे कधीच येत नाहीत. दुसरा डाक देऊन, म्हणजे सांधा जोडून, बसवलेला: मोडक्या चमच्यावरचे खरे ठसे कापून मोठ्या भांड्याच्या बुडात बसवायचे. इंग्लंडात १७२० साली औंसाला सहा पेन्स कर बसला, तेव्हा तो चुकवायला तिथल्याच कारागिरांनी ही युक्ती काढली होती, आजही ती चालते. ओळखायची रीत सोपी आहे. भांडं गार असताना ठशावर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडा आणि आडव्या उजेडात बघा. डाकाची चांदी वेगळ्या कसाची असते, तिच्यावरची वाफ वेगळ्या वेगाने विरते, आणि ठशांभोवती एक चौकोनी रेघ क्षणभर दिसून जाते. तुमच्या किटलीवर हे करून पाहा. रेघ दिसू नये असं मला मनापासून वाटतं.

गुलाबदाणीचा टंच काढायचा असेल तर बैठकीच्या आतल्या कडेला मशीन लावा. ९१ ते ९२ च्या आसपास आला तर कलदार, म्हणजे चांदीचे जुने रुपये, वितळवून घडवलेली असण्याची शक्यता मोठी, कारण त्या काळच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची, ९१.७ टक्के. कसोटीवर घासून किंवा तेजाब लावून बघायची गरज नाही, सुलाखून तर मुळीच नाही.

कलदारावरून सातपुड्यातल्या डागिन्यांचं दोन ओळींत सांगतो, कारण त्याबद्दल मला नेहमी विचारणा होते. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरा-भिल्ल बायांच्या गळ्यातल्या हाशीवर, कड्यांवर ठसा बहुधा नसतो. पण रुपयांची माळ असेल तर नाण्यावरून निदान एक बाजू पक्की होते: माळ तिच्यातल्या सगळ्यात नव्या नाण्याच्या आधीची असू शकत नाही. १८६२ साल असलेल्या रुपयावर मात्र भिस्त ठेवू नका, तेच साल घालून टांकसाळीने पुढे दहाएक वर्षं रुपये पाडले. राणीच्या नावाशी ‘एम्प्रेस’ असेल तर नाणं १८७७ किंवा नंतरचं. आणि १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे मोडीच्या वेळी ती नाणी वेगळी काढायला सांगा.

आता तुमच्या पुतण्याचं. किटली १९०४-०५ ची, म्हणजे शंभर वर्षांवरची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू विलायतेत घडली म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. बॅगेत घालून विमानतळावर अडकण्यापेक्षा आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारा. शिवाय तुमच्या किटलीच्या कानाच्या दोन्ही सांध्यांत पांढऱ्या चकत्या दिसतायत. हात भाजू नये म्हणून त्या घालत, आणि त्या काळी त्या बहुधा हस्तिदंताच्या असत. हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा आणि अमेरिकेचे नियम असे आणखी दोन अडसर येतात, आणि इथे विकतानाही तो प्रश्न उभा राहतो. भिंगातून चकतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसल्या तर हस्तिदंत. नुसते काळे ठिपके किंवा बारीक चिरा दिसल्या तर हाड. माझं मत स्पष्ट आहे: किटली घरातच राहू द्या.

कोणी म्हणेल की विकण्याआधी नवा हॉलमार्क मारून घ्या. भारतात चांदीचं हॉलमार्किंग २००५ पासून आहे, पण ते ऐच्छिक आहे. जुन्या वस्तूवर आजची खूण उमटवली की तिच्या बुडावरचा इतिहास बिघडतो, आणि संग्राहक हात आखडता घेतो. नको.

वाटणीसाठी असं करा. तीन वस्तूंची तीन पानं करा. प्रत्येक पानावर वजन, ठशांचे फोटो, काजळीचा ठसा आणि वर सांगितलं तेवढंच वर्णन, अंदाजाची भर न घालता. किटली आणि गुलाबदाणी यांचा चांदीचा भाव वेगळा धरा आणि जुन्या वस्तू म्हणून किंमत दोन वेगळ्या माणसांकडून काढा, त्यातला एक मुंबई-पुण्याचा, पुरावशेष विक्रीचा परवाना असलेला असू द्या. तबकाची किंमत रेल्वेचं सामान जमवणाऱ्याला विचारा. मग कोणाला कोणती वस्तू हवी ते ठरवा आणि फरक रोखीने फेडा. झाकणाच्या आतला आणि पांढऱ्या चकत्यांचा जवळून काढलेला फोटो पाठवलात की किटलीबद्दलचं माझं उरलेलं मत लगेच कळवतो.